दहीं कां कळकतें?

आमच्या घरीं गेल्या महिन्यांत एक लहानसा वाद झाला आणि त्यांतूनच या वेळच्या लेखाचा विषय मला मिळाला. धाकट्या सूनबाईंनीं माळ्यावरचीं जुनीं पितळेचीं भांडीं खालीं काढलीं. अलीकडे सुशिक्षित घरांतून तांब्यापितळेची आवड पुन्हां उत्पन्न झाली आहे. आणि ती आवड कांहीं वाईट नव्हे. चिंच लावून त्यांनीं एक पातेलें असें लख्ख घांसलें कीं त्यांत तोंड पाहावें. रात्रीं त्यांतच दहीं लावण्याचा त्यांचा बेत होता. माझ्या मातोश्रींचें वय आज अठ्ठ्याऐंशी वर्षांचें आहे. डोळ्यांना फारसें दिसत नाहीं, परंतु पातेल्याच्या आंतून बोट फिरवितांच त्या म्हणाल्या, “अगं, ह्याला कल्हई कुठें आहे? ह्यांत दहीं लावूं नकोस, कळकेल.”

“कळकेल म्हणजे काय होईल, आजी?”

“हिरवें पडेल, तोंडाला कसेंसेंच लागेल, खाल्लेंस तर मळमळेल.”

“पण कां?”

“कां तें तुझ्या सासऱ्यांना विचार. माझ्या सासूबाईंनीं मला कारण सांगितलें नव्हतें. नको एवढेंच सांगितलें होतें.”

त्याच रात्रीं नात शाळेचें पुस्तक घेऊन माझ्यापाशीं येऊन बसली. ती यंदा दहावींत आहे. धातूचे अणु इलेक्ट्रॉन गमावतात आणि धन आयन बनतात, हें तिला पाठ होतें. “पण आजोबा,” ती म्हणाली, “जो गमावतो तो ऋण व्हायला पाहिजे. हा उलट धन कसा होतो?” एका संध्याकाळीं एकाच घरांत दोन प्रश्न निघाले, एक स्वयंपाकघरांतला आणि एक शाळेंतला. थोडा विचार करितां मला दिसून आलें कीं दोहोंचें उत्तर एकच आहे. तें उत्तर माहीत नसल्याची फार मोठी किंमत आपल्या लोकांनीं एके काळीं दिली आहे. म्हणून तें जरा विस्तारानें सांगतों.

प्रथम नातीचा प्रश्न घेऊं. प्रत्येक अणूच्या मध्यभागीं एक केंद्रक असतें. त्यांत धन विद्युत्प्रभार असलेले प्रोटॉन असतात आणि केंद्रकाच्या भोंवतालीं ऋण प्रभार असलेले इलेक्ट्रॉन असतात. स्वस्थ अणूमध्यें दोहोंची संख्या सारखी असते, म्हणून जमाखर्चाची बाकी शून्य राहते. तांब्याचा अणु घ्या. त्यांत २९ प्रोटॉन आणि २९ इलेक्ट्रॉन. आतां त्यांतून दोन इलेक्ट्रॉन निघून गेले अशी कल्पना करा. प्रोटॉन २९ च राहिले, इलेक्ट्रॉन २७ उरले. म्हणजे दोन धन प्रभार शिल्लक पडले. अशा प्रभारयुक्त अणूस आयन म्हणतात, आणि बाकी धनाची असेल तर धन आयन.

विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो तो ‘गमावणें’ या शब्दामुळें. कांहीं गमावलें म्हणजे माणूस दरिद्री होतो, एवढेंच त्यांना ठाऊक. पण गमावलें काय, हें पाहावयास नको काय? संस्कृतांत ऋण म्हणजे कर्ज आणि धन म्हणजे संपत्ति. ब्रह्मगुप्तानें इसवी सन ६२८ मध्यें रचलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ ग्रंथांत ह्याच दोन शब्दांनीं उणें व अधिक संख्यांचे नियम सांगितले आहेत. आणि शून्यांतून ऋण वजा केलें असतां धन उरतें, हा त्यांपैकींच एक नियम. धातूचा अणु नेमकें हेंच करितो. त्याची बाकी शून्य होती, त्यांतून ऋण गेलें, धन उरलें. मीं नातीस म्हटलें, “बाळ, ज्याचें कर्ज गेलें तो धनको झाला, एवढें लक्षांत ठेव.” ती हंसली, आणि माझी खात्री आहे कीं आतां ती जन्मभर विसरणार नाहीं.

आतां पुढचा प्रश्न असा कीं, धातूंनाच ही संवय कां? इलेक्ट्रॉन हे केंद्रकाभोंवतीं कवचाकवचांनीं राहतात. सोडियमच्या अकरा इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी. मॅग्नेशियमची २, ८, २. जस्ताची २, ८, १८, २. तांब्याची २, ८, १८, १. धातूंच्या सर्वांत बाहेरच्या कवचांत असे एक, दोन किंवा तीनच इलेक्ट्रॉन बहुधा सांपडतात. ते केंद्रकापासून दूर, आणि मध्यें आंतील कवचांचा आडोसा. म्हणून त्यांच्यावरील केंद्रकाची पकड सैल असते. धातूच्या तुकड्यांत तर हे बाहेरचे इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे राहतच नाहींत. एकत्र कुटुंबांतील सामाईक पैशाप्रमाणें ते सर्वांचे असतात आणि सगळ्या घरभर फिरतात. तारेंतून वीज वाहते ती ह्याच सामाईक इलेक्ट्रॉनांमुळें.

तथापि पकड सैल आहे म्हणजे धातु आपण होऊन इलेक्ट्रॉन फेंकून देतो, असें मात्र समजूं नये. एकट्या अणूपासून एक इलेक्ट्रॉन दूर करावयाचा तर बाहेरून ऊर्जा खर्चावी लागते. सोडियमसारख्या उदार धातूलाही ती लागतेच. म्हणून व्यवहार पुरा होण्यास तिघे जमावे लागतात. देणारा तर हवाच. घेणाराही हवा, म्हणजे हवेंतील ऑक्सिजन, क्लोरीन किंवा आम्लांतील हायड्रोजनचे आयन. आणि तिसरा आसरा देणारा, म्हणजे पाणी. पाण्याचे रेणु नव्या धन आयनाभोंवतीं गराडा घालून त्याला आपल्यांत सामावून घेतात, आणि त्यांत जी ऊर्जा बाहेर पडते तिच्यांतून खर्चाची बरीचशी भरपाई होते. भांडें कोरडें असेपर्यंत वर्षानुवर्षें तसेंच राहतें, आणि ओलें-आंबट राहिलें कीं एका रात्रींत डागळतें, त्याचें कारण हेंच.

सगळे धातु सारखेच उदार नसतात. रसायनशास्त्रज्ञांनीं त्यांचा क्रम लावून ठेविला आहे: पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, जस्त, लोखंड, कथील, शिसें, मग हायड्रोजन, आणि त्याच्या खालीं तांबें, चांदी, सोनें. वरचा धातु खालच्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन देतो. खालचा वरच्याला देत नाहीं. ह्याचा पडताळा घरांत पाहतां येतो. कांचेच्या पेल्यांत पाणी घेऊन त्यांत थोडा मोरचूद विरघळवा आणि घांसून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा त्यांत अर्धा तास बुडवून ठेवा. निळ्या पाण्यांत तांब्याचे धन आयन असतात. लोखंड त्यांना आपले इलेक्ट्रॉन देऊन स्वतः पाण्यांत उतरतें, आणि खिळ्यावर तांबड्या तांब्याचा थर बसतो. मोरचूद विषारी आहे. मुलांनीं हा प्रयोग वडील माणसाच्या देखतच करावा आणि तो पेला पुन्हां पिण्यास वापरूं नये.

आतां सूनबाईंच्या दह्याकडे वळूं. पितळ म्हणजे तांबें आणि जस्त यांचें मिश्रण. दह्यांत लॅक्टिक आम्ल असतें. जस्ताचें स्थान हायड्रोजनच्या वर, म्हणून तें आम्लाला सरळ इलेक्ट्रॉन देऊं शकतें. तांब्याचें स्थान हायड्रोजनच्या खालीं, म्हणून नुसत्या आम्लापुढें तें नमत नाहीं. परंतु हवेंतला ऑक्सिजन मदतीस आला कीं त्याचाही निरुपाय होतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो, आम्ल वरची पुटें धुवून काढतें, आणि तांब्याचे अणु दोन-दोन इलेक्ट्रॉन टाकून दह्यांत उतरतात. तांब्याच्या आयनांचा रंग निळा-हिरवा असतो. मातोश्रींचें ‘हिरवें पडेल’ तें हेंच. चिंच लावल्यानें भांडें लख्ख होतें त्यांतही हीच क्रिया असते. वरच्या काळ्या पुटांतील तांबें आयनांच्या रूपानें चिंचेच्या कोळांत जातें. फरक इतकाच कीं चिंचेचा कोळ आपण मोरींत ओततों आणि दहीं पोटांत घालतों.

सगळ्या विषयाचें मर्म येथें आहे. तांब्याचा अणु जोंवर अणु आहे तोंवर तो भांड्याचा असतो. इलेक्ट्रॉन टाकून तो आयन झाला कीं तो पाण्याचा होतो. पाण्यांत आला म्हणजे अन्नांत आला, आणि अन्नांत आला म्हणजे रक्तांत गेला. भांडें आणि शरीर यांमधील दार म्हणजे हे दोन इलेक्ट्रॉन.

आपल्या पूर्वजांना इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हता, पण दार लावून घेण्याची युक्ति ठाऊक होती. ती म्हणजे कल्हई. लहानपणीं आमच्या भिवंडींत कासार आळीकडून कल्हईवाल्याची आरोळी आली कीं आम्ही पोरें धांवत जात असूं. तो जमिनींत खड्डा करून भाता लावी, निखारे फुलवी, त्यांवर भांडें चांगलें तापवी, आंत नवसागर टाकी. पांढऱ्या धुराचा लोट उठे. नवसागरानें धातूवरचें पूट निघून जाई. मग तो कथलाची कांडी टेकवी. कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळतें; कापसाच्या बोळ्यानें तें सर्वत्र पसरलें कीं काळें भांडें आंतून रुप्यासारखें होई.

येथें चौकस वाचक विचारतील कीं, क्रमांत कथील तांब्याच्या वर आहे, म्हणजे तें अधिक उदार. मग तें रक्षण कसें करील? शंका रास्त आहे. कथलाचे आयन अन्नांत मुळींच उतरत नाहींत असें नाहीं. परंतु कथलावर एक पातळ पूट धरतें व त्यामुळें तें फार सावकाश झिजतें. आणि पोटांत गेलेलें थोडें कथील शरीर बहुतेक शोषून घेत नाहीं. शिवाय एखादा ओरखडा पडलाच तर कथील स्वतःचे इलेक्ट्रॉन आधीं देतें आणि खालचें तांबें काहीं काळ राखतें. स्वतः झिजून घर राखणारीं माणसें असतात, तसें हें. म्हणूनच कल्हई उडते, आणि म्हणूनच ती वरचेवर करून घ्यावी लागते. मात्र कथील शुद्ध हवें. त्यांत शिसें मिसळलें असेल तर आगींतून फुफाट्यांत पडल्यासारखें होईल.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावा असें मनांत आलें ती सांगतों. आपल्या देशांत लहान मुलांचा एक भयंकर रोग होता. कलकत्त्याचे डॉ. सेन यांनीं १८८७ सालीं त्याचें वर्णन केलें; पुढें त्यास ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ असें नांव पडलें. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचें मूल चिडचिडें होई, पोट फुगे, यकृत दगडासारखें कठीण लागे, डोळे पिवळे होत, आणि बहुधा कांहीं महिन्यांत तें दगावे. एकाच घरांत एकामागून एक भावंडें जात. आणि ह्या रोगाचीं घरें बहुशः अगदीं दरिद्री नसत. दूधदुभतें आणि तांब्यापितळेचीं भांडीं असलेलीं मध्यम स्थितीचीं हिंदु घरें असत. कोणी म्हणत रक्तदोष, कोणी म्हणत दैव.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडांतील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनीं ह्याचा पिच्छा पुरविला. अशा मुलांच्या यकृतांत तांबें सांठलेलें असतें, हें तोंवर दिसून आलें होतें. निरोगी यकृताच्या एका कोरड्या ग्रॅममध्यें साधारणतः ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबें असतें. ह्या मुलांत तें ८०० हून अधिक निघे. एवढें तांबें कोठून आलें? १९८३ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत आणि पुढें १९८७ सालीं त्यांनीं जें मांडलें त्याचा सारांश असा: ह्या मुलांना आईच्या दुधाऐवजीं फार लवकर गाईम्हशीचें दूध सुरू झालेलें होतें, आणि तें दूध कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत तापविलेलें व ठेविलेलें होतें.

दूध तर आंबट नव्हे. मग तांबें त्यांत कसें उतरलें? दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन तांब्याचे आयन धरून ठेवतें. ऑक्सिजननें इलेक्ट्रॉन घ्यावा, केसीननें आयनास आसरा द्यावा, आणि पुढच्या अणूची वाट मोकळी व्हावी, असें रात्रभर चालतें. पिण्याच्या साध्या पाण्यांत उतरतें त्याहून कितीतरी अधिक तांबें अशा दुधांत येतें. मोठ्या माणसाचें यकृत जादा तांबें पित्तावाटे बाहेर टाकतें. तान्ह्या मुलाच्या यकृतांत जन्मतःच तांब्याचा सांठा असतो आणि बाहेर टाकण्याची शक्ति थोडी असते.

हें केवळ आपल्याकडेच घडलें असें नाहीं. ऑस्ट्रियांतील टिरोल प्रांतांत १९०० ते १९७४ या काळांत अशाच रोगानें १३८ मुलें दगावल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. तेथेंही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांतील दूधच दिलें जाई. सगळ्याच मुलांना रोग होत नसे. म्हणून कांहीं मुलांत आनुवंशिक दुबळेपणाही असावा, असें तज्ज्ञ मानतात. पण भांडें बदललें आणि रोग गेला, ही गोष्ट दोन्हीं ठिकाणीं खरी ठरली. पुणें भागांत घरोघर भांडीं बदलण्याचा उपदेश झाला, स्टेनलेस स्टील आलें, आणि जो रोग एके काळीं रुग्णालयांत नित्य दिसे तो जवळजवळ नाहींसा झाला. तांब्याचे आयन पकडून लघवीवाटे बाहेर काढणारें पेनिसिलामाइन हें औषध वेळींच दिल्यानें कांहीं मुलें बचावलींही.

आतां थोडें घरचें. माझ्या थोरल्या काकूंचीं दोन मुलें अशींच गेलीं. पहिलें अकरा महिन्यांचें, दुसरें दीड वर्षाचें. मी तेव्हां जन्मलोंही नव्हतों. पोट फुगलें, डोळे पिवळे झाले, एवढें मातोश्री सांगतात. त्यानंतर लोक काकूंविषयीं जें बोलले तें लिहवत नाहीं. शेजारीं बारसें असलें कीं काकू सकाळीं लवकर जाऊन स्वयंपाकाला हात लावीत, पण पाळण्यापाशीं कधीं येत नसत. मीं त्यांना पाहिलें आहे. मला त्यांनीं पुष्कळ लाडू दिले, पण कधीं मांडीवर घेतलें नाहीं.

ह्यांत मला विशेष वाटतें तें असें. दहीं पितळेंत लावूं नये हा नियम आमच्या घरांत कडकडीत पाळला जाई, कारण कळकलेलें दहीं डोळ्यांना आणि जिभेला कळतें. दूध हिरवें होत नाहीं, चवही सहसा तशी बिघडलेली कळत नाहीं. म्हणून कल्हई उडालेल्या पातेल्यांत तें बिनदिक्कत तापत राहिलें. दहीं कळकलें तें कळलें. दूध कळकलें तें कळलें नाहीं. परंपरेनें जिभेच्या साक्षीनें जेवढें शिकतां येतें तेवढें आपल्याला शिकविलें. जीभ जेथें गप्प राहते तेथून पुढें शास्त्राचें काम सुरू होतें. नातीच्या पुस्तकांतलें तें एक रुक्ष वाक्य मला म्हणूनच रुक्ष वाटत नाहीं.

व्यवहारापुरतें सांगावयाचें तें थोडक्यांत असें. कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांत दूध, दहीं, ताक, चिंचेची आमटी, कोकमाचें सार, टोमॅटो, लिंबू, लोणचें यांपैकीं कांहीं ठेवूं नये. तान्ह्या मुलास पहिले सहा महिने आईचेंच दूध द्यावें, आणि पुढें वरचें दूध द्यावयाचें तें स्टीलच्या भांड्यांतील द्यावें. स्टीलमधील क्रोमियम हवेंतील ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन ताबडतोब एक पातळ, घट्ट पूट तयार करितें आणि पुढचें देणें बंद पाडतें. त्याच्या निर्धोकपणाचें रहस्य तें. तांब्याच्या कळशींतलें साधें पाणी मोठ्या माणसांनीं प्यावयास हरकत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत तांबें चालतें असें ठरविलें आहे. बंगळूरच्या संशोधकांनीं २०१२ सालीं दाखविलें कीं तांब्याच्या भांड्यांत सोळा तास ठेवलेल्या पाण्यांतील पटकी व आमांशाचे जंतु मरतात, आणि तांबें त्या मर्यादेच्या आंत राहतें. जंतूंना मारतात तेही तेच आयन. मात्रेवरून औषध आणि विष ठरतें, हें आपल्या वैद्यांनींही सांगितलेंच आहे. मात्र त्या पाण्यांत लिंबू पिळूं नये.

हें सर्व मीं त्या रात्रीं घरांत सांगितलें, तेव्हां मातोश्री जपमाळ हातांत धरून ऐकत होत्या. पुण्याच्या डॉक्टरांची हकीकत संपल्यावर बराच वेळ त्या कांहीं बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, “म्हणजे जाऊबाईंचा दोष नव्हता.”

त्या मुलांच्या यकृताची परीक्षा कोणी केली नव्हती. तेव्हां कारण हेंच होतें, असें मी शपथेवर सांगूं शकत नाहीं. परंतु काकूंचा दोष नव्हता एवढें मात्र निश्चयानें सांगतां येतें, आणि तसें मीं सांगितलें. माळ्यावरून निघालेलें तें पातेलें त्या काळचेंच आहे. सूनबाईंनीं तें पुसून बाजूस ठेविलें आहे. कल्हईवाला हल्लीं वर्षांतून एखादे वेळींच इकडे फिरकतो. तो येईपर्यंत दहीं स्टीलच्या भांड्यांत लागत आहे.